पत्रकात राहून गेलेले तीन शब्द

लष्कर, ग्वाल्हेर
दि. 16 जून 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
मुख्य कार्यालय, पुणे

विषय : ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेल-बदल किटमधील चुकीच्या सूचनापत्रकाबाबत

महोदय,

आपल्या टोल-फ्री क्रमांकावर मी चार वेळा हिंदीतून बोललो. चारही वेळा ‘सर, किसी मैकेनिक को दिखा लीजिए’ एवढंच उत्तर मिळालं. आपलं मुख्य कार्यालय पुण्याला आहे, तेव्हा आता मराठीतून लिहून बघतो. आमचं घराणं शिंद्यांच्या फौजेबरोबर इकडे आलं आणि इथलंच झालं. माझ्या मराठीत कुठे हिंदी डोकावली तर सांभाळून घ्यावं. आपल्या पत्रकातल्या मराठीपेक्षा ती बरी असेल.

2 जूनला मी आपलं किट 6,240 रुपयांना ऑनलाइन मागवलं. त्यात एक-एक लीटरच्या 5 बाटल्या, फिल्टर, चेंबरचं (गिअरबॉक्सच्या तळाशी असलेल्या तेलाच्या भांड्याचं) गॅस्केट आणि प्लगचे वॉशर होते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलंय : ‘संपूर्ण तेल बदल, घरच्या घरी’. माझी पिकअप 1,12,000 किलोमीटर चाललेली. डबऱ्याच्या शेतावरून माल आणायचा, आणि उरलेला वेळ बाड्याच्या बाजारातल्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर काढायचा, हे तिचं आयुष्य. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात की या गिअरबॉक्सचं तेल लाइफटाइम आहे. कोणाच्या लाइफटाइमपुरतं, असं विचारलं की हसतात. ते भांडण वेगळं.

मी सिथौलीच्या रेल स्प्रिंग कारखान्यात 29 वर्षं फिटर होतो. हे सांगायचं कारण एवढंच, की ‘तुम्हाला जमलं नसेल’ हे उत्तर कृपया पाठवू नये. आणि एक कबूल करतो : तेल चांगलं आहे. माझ्या गाडीच्या पुस्तकात जो दर्जा लिहिलाय तोच बाटलीवर आहे. तक्रार पत्रकाची आहे.

7 जूनला शनिवारी दुपारी काम सुरू केलं. पत्रकाची पहिलीच ओळ : ‘पुढची चाके जॅकवर उचला.’ अहो, पिकअप मुळातच उंच. अंगणात चटई टाकून आडवं झालं की हात पोचतो. तरी उचलली. भरायचा प्लग आधी सैल होतो का ते बघा आणि मगच खालचा खोला, हे पत्रकात कुठेच नाही. ते मला सवयीने ठाऊक होतं. नवख्याने आधी सगळं तेल काढलं आणि वरचा प्लग जाम निघाला, तर गाडी महिनाभर अंगणातच.

निघालेलं तेल मी मापाच्या कॅनमध्ये धरलं. 4.3 लीटर, उकळून उकळून काळा पडलेल्या चहासारखं. चेंबरमधल्या लोहचुंबकांवर राखाडी लेप होता, पण धातूचे तुकडे नव्हते, म्हणजे आतून सगळं ठीक. फिल्टर, गॅस्केट बसवलं, बोल्ट टॉर्क रेंचने मापात आवळले.

आता पत्रकातली सातवी सूचना, जशीच्या तशी : ‘इंजिन बंद ठेवून, तपासणी प्लगमधून तेल गळेपर्यंत भरा.’

तपासणी प्लग म्हणजे तेल ठरल्या उंचीला पोचलं की जिथून गळू लागतं ते भोक. 3.4 लीटर गेलं आणि गळू लागलं. निघालं 4.3, गेलं 3.4. मी तिथेच थांबायला हवं होतं, थांबलो नाही. आयुष्यभर छापील ड्रॉइंगवर काम केलेल्या माणसाला छापलेलं खोटं वाटत नाही. दुसऱ्या दिवशी पडावच्या पुलावर चढताना इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी जागची हलेना. मागून टेंपोवाल्यांचे हॉर्न, शेजारी सूनबाई, आणि मी गिअरचा दांडा धरून बसलेला. उतारावर मागे घेऊन कशीबशी कडेला लावली.

या गिअरबॉक्सला तेल बघायची पट्टी नसते. पातळी ठरते ती तपासणी प्लगवरच, आणि इंजिन चालू असताना. इंजिन बंद असलं की टॉर्क कन्व्हर्टरमधलं (इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सकडे नेणारा भाग) नि कुलरच्या नळ्यांतलं काही तेल चेंबरमध्ये उतरतं, त्यामुळे पातळी खोटीच वर दिसते. इंजिन सुरू होताच पंप तेल वर ओढतो, चेंबर उघडं पडतं, पंपात हवा जाते, दाब पडतो आणि क्लच घसरतात. त्यात गाडी पुढून उचललेली, म्हणजे चेंबरच तिरकं. त्यात तापमानाचा उल्लेखच नाही! माझ्या गाडीच्या वर्कशॉप पुस्तिकेत पातळी तेल 35 ते 45 अंशांवर असताना बघायला सांगितलंय, कारण तेल तापलं की फुगतं आणि कमी असूनही गळू लागतं. ज्येष्ठात ग्वाल्हेरचा पारा सावलीतच 44-45 ला जातो. दुपारी इथे इंजिन सुरू करायच्या आधीच तेल त्या मर्यादेला टेकलेलं असतं. पत्रक लिहिणाऱ्याने बहुधा ते एसीत बसून लिहिलं.

गाडी टो करून घरी आणली, 1,500 रुपये. 9 जूनला पहाटे पाचला, चारही चाकं सपाट फरशीवर, चाकांना विटा, हँडब्रेक ओढलेला, सूनबाई ब्रेकवर पाय ठेवून आत. गाडीला जोडलेल्या स्कॅनरवर तेल 33 अंश. इंजिन सुरू केलं, दांडा प्रत्येक गिअरमधून सावकाश फिरवून परत पार्कवर आणला, आणि 38 ला प्लग खोलला. एक थेंब नाही. हातपंपाने भरत गेलो. 900 मिली संपले तेव्हा धार आली, ती बारीक होऊन तुटक झाल्यावर प्लग बंद केला. तेव्हापासून गाडी नीट चालते आहे. पुलावर घसरलेल्या क्लचचं आयुष्य किती कमी झालं, ते पुढे कळेल.

माझ्या मागण्या अशा. सातव्या सूचनेत ‘इंजिन चालू ठेवून’ हे तीन शब्द आणि त्यांच्यासोबत तापमान छापावं. पहिली ओळ काढून टाकावी. हे किट ज्यांना ज्यांना विकलं त्या सगळ्यांना तसा संदेश जावा. ऑनलाइन विक्री आहे, सगळ्यांचे नंबर आपल्याकडे आहेत. टो करायचे 1,500 रुपये मला मिळावेत.

राहिला खोक्यावरचा ‘संपूर्ण’ हा शब्द. या गिअरबॉक्समध्ये एकूण साधारण 9 लीटर तेल असतं आणि प्लगमधून एका वेळी 4.3 निघतं. बाकीचं मुख्यतः कन्व्हर्टरमध्ये नि कुलरच्या नळ्यांत राहतं. म्हणजे आपल्या किटने निम्मंसुद्धा बदलत नाही. तीनदा काढून भरलं तर जुनं तेल 14 टक्क्यांवर येतं. त्याला संपूर्ण म्हणायला माझी हरकत नाही. त्यासाठी अजून 8.6 लीटर लागेल. माझ्याकडे 700 मिली उरलंय, तेव्हा आपण 8 बाटल्या पाठवाव्यात.

30 दिवसांत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार मी राहतो तिथेच, ग्वाल्हेरला दाखल होते, पुण्याला यावं लागत नाही.

सोबत बिल, टो केल्याची पावती, पत्रकाचा फोटो आणि मापाच्या कॅनचे दोन फोटो जोडले आहेत.

आपला ग्राहक
(नाव व ऑर्डर क्रमांक बिलावर)