आरोग्यमंत्री महोदय, अनुदान इमारतींपुरतं ठेवू नका

माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, सविनय नमस्कार.

भांडुप पश्चिमेला टेकडीच्या पायथ्याशी माझा दवाखाना आहे. या पत्रात मी एकच मागणी करते आहे. शहरी प्राथमिक आरोग्यसेवेसाठी जे अनुदान येतं, त्यातला ठरावीक हिस्सा जोडणीसाठी राखून ठेवा. महापालिकेचा दवाखाना, हेल्थ पोस्ट (वस्तीतलं छोटं आरोग्य केंद्र), प्रसूतिगृह, उपनगरातलं रुग्णालय, शहरातलं मोठं रुग्णालय आणि गल्लीतला खासगी डॉक्टर हे सगळे एकाच पेशंटला बघतात, पण एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो. पेशंटची माहिती इकडून तिकडे पोचवायला कुणाची नेमणूकच नाही, आणि त्या कामासाठी पैशाचीही तरतूद नाही.

माझ्याकडे धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी आल्या होत्या. पायांना सूज, चप्पल चढेना. त्यांना वाटत होतं किडनी गेली. सोबतच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तीन ठिकाणचे केस पेपर घड्या घालून ठेवलेले, आणि तळाशी गोळ्यांच्या पट्ट्या. मी पट्ट्या टेबलावर मांडल्या. दोन वेगवेगळ्या नावांच्या पट्ट्यांमध्ये औषध एकच होतं, रक्तदाबाचं अॅम्लोडिपिन. एक पट्टी दवाखान्यातून फुकट मिळालेली, दुसरी रुग्णालयातून डिस्चार्ज मिळाल्यावर बाहेरून विकत घेतलेली. त्या दोन्ही इमानेइतबारे घेत होत्या. डोस दुप्पट झाला होता आणि सूज त्याचीच होती. एक पट्टी बंद केल्यावर ती उतरली. दोन्हीकडच्या डॉक्टरांनी आपापल्या जागी बरोबरच औषध लिहिलं होतं. दोन्ही कागद शेजारी ठेवून बघणारं मात्र मधे कुणी नव्हतं. दरम्यान रक्ताच्या तपासण्यांवर या बाईंचा जवळजवळ आठवड्याचा पगार गेला, कामाचे खाडे झाले ते वेगळेच.

हे अपवादाने घडत असतं तर मी आपला वेळ घेतला नसता. महापालिकेने २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने केलेल्या स्टेप्स सर्वेक्षणात १८ ते ६९ वयोगटातल्या ३४ टक्के मुंबईकरांना उच्च रक्तदाब आढळला, तर १८ टक्के लोकांची उपाशीपोटीची साखर वाढलेली होती. हे आजार एकदा औषध घेऊन संपत नाहीत. वीस-तीस वर्षं पाठपुरावा लागतो, आणि तेवढ्या काळात माणूस घर बदलतो, नोकरी बदलतो, मे महिन्यात आणि गणपतीला गावी जातो. कोकणात महिनाभर राहून आलेल्या कितीतरी जणांची साखर मी जूनमध्ये भडकलेली बघते. गोळ्या तिथे संपलेल्या असतात आणि इथले कागद इथेच कपाटात.

पैसा अजिबात येत नाही असं मी म्हणणार नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी देशभरातल्या स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर खर्च करायला ७०,०५१ कोटी रुपयांची शिफारस केली. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान २०१३ पासून चालू आहे. मुंबईत २०२२ पासून ‘आपला दवाखाना’ ही योजना सुरू झाली. जागा मिळेना तिथे पोर्टा केबिन उभ्या केल्या, १४७ प्रकारच्या तपासण्या मोफत ठेवल्या, आणि संध्याकाळी उशिरापर्यंत दार उघडं ठेवलं. रोजंदारीवरच्या माणसासाठी ही मोठीच सोय आहे आणि माझे पेशंट तिचं कौतुक करतात. पण दवाखाने वाढले म्हणून पेशंटची माहिती आपोआप एकत्र येत नाही. जायला आणखी एक ठिकाण झालं, की पिशवीत आणखी एक केस पेपर वाढतो.

जोडणी जमते, हे आपल्याच क्षयरोग कार्यक्रमाने दाखवून दिलं आहे. २०१२ पासून खासगी डॉक्टरलाही टीबीचा प्रत्येक रुग्ण कळवणं बंधनकारक आहे. टीबी रुग्णांच्या नोंदीसाठीच्या निक्षय या सरकारी ऑनलाइन यंत्रणेवर एकदा नोंद झाली की रुग्ण गोवंडीहून गोरखपूरला गेला तरी नोंद त्याच्या मागोमाग जाते. रुग्ण कळवल्याबद्दल ५०० रुपये आणि उपचाराचा निकाल कळवल्याबद्दल आणखी ५०० रुपये खासगी डॉक्टरला मिळतात. रक्कम लहान आहे, पण माहिती जोडणं हेसुद्धा काम आहे आणि त्याचं मोल द्यायला हवं, हे सरकारने त्यातून मान्य केलं. टीबीचा औषधोपचार बहुतेक वेळा सहा महिन्यांचा असतो. जो आजार जन्मभर साथ सोडत नाही त्याच्यासाठी अशी सोय का नसावी?

इंग्लंडमध्ये जुलै २०१९ पासून शेजारशेजारच्या दवाखान्यांचे गट केले आहेत, एकेका गटाकडे साधारण ३० ते ५० हजार लोक. आपलं नागरी आरोग्य केंद्रही ५० हजार लोकसंख्येमागे एक असंच धरलेलं आहे, म्हणजे आकार तोच. तिथे या गटांना फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट आणि पेशंटची सेवांशी गाठ घालून देणारे कार्यकर्ते नेमायला वेगळा निधी मिळतो. मात्र त्या निधीतून २०२४ पर्यंत डॉक्टर नेमता येत नव्हता आणि त्यावरून बरीच नाराजी होती. त्यामुळे अटी घालताना हात थोडा सैल ठेवा, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे.

या पैशातून काय करायचं ते सांगते. सगळ्यात आधी आपल्याकडेही दवाखान्यांचे असे गट करा, आणि प्रत्येक गटाला एक समन्वयक नर्स हवी. वॉर्डातला कोणता पेशंट रुग्णालयातून घरी आला हे तिला त्याच दिवशी कळावं, तिने आठवड्याच्या आत फोन करावा, जुन्या-नव्या गोळ्या ताडून बघाव्यात आणि त्याला जवळच्या दवाखान्याची तारीख द्यावी. रुग्णालयाने डिस्चार्ज कार्डावर नुसतं ट्रीटमेंट कंटिन्यू असं लिहू नये. कोणतं औषध बंद, कोणतं नवीन, पुढची तपासणी कधी, हे मराठीत आणि औषधाच्या मूळ नावाने लिहून द्यावं. आभा क्रमांक, म्हणजे आरोग्याच्या डिजिटल खात्याचा सरकारी क्रमांक, अनेकांनी काढला आहे, पण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या आभामध्ये एकही रिपोर्ट नसतो. जुने कागद स्कॅन करून चढवणारा माणूस लागेल, आणि त्याचा पगार याच अनुदानातून निघायला हवा.

आरोग्य सेविकांना तर यातून वगळूच नका. कोणत्या खोलीत कोण पडून आहे, कुणाचा मुलगा औषधाचे पैसे दारूत घालवतो, कोण इन्सुलिनची सुई टोचायला घाबरतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. टेकडीवरच्या पायऱ्या त्या रोज चढतात. नवीन जबाबदारी देणार असाल तर मानधन, फोनचा खर्च आणि प्रवासखर्च आधी धरा. नाहीतर हे कामही त्यांच्याच डोक्यावर फुकटात पडेल, आणि ते मला अजिबात मान्य नाही.

हिशेब मागताना ओपीडीत किती माणसं आली हा आकडा मागू नका. तो वाढवणं सोपं असतं. रुग्णालयातून घरी आलेल्यांपैकी दोन आठवड्यांत किती जण जवळच्या दवाखान्यात दिसले, नोंदलेल्यांपैकी किती जणांचा रक्तदाब आटोक्यात आहे, किती जणांच्या गोळ्या मधेच तुटल्या, हे विचारा. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ मध्ये ज्या पाच राज्यांत सुरू झाला, त्यांत महाराष्ट्र होता. ठरलेली मोजकी औषधं, प्रत्येकाचं कार्ड, चुकलेल्याला परत बोलावणं, ही पद्धत आपल्याला नवी नाही.

सगळ्या मुंबईत एकदम सुरू करा असा माझा आग्रह नाही. गोवंडी-मानखुर्दचा एम पूर्व आणि आमचा एस, हे दोन वॉर्ड घ्या. तीन वर्षांचा निधी एकदाच मंजूर करा, कारण अकरा महिन्यांच्या कंत्राटावरची नर्स पेशंट ओळखीचे होईपर्यंत निघून जाते. शासन निर्णयात खासगी जनरल प्रॅक्टिशनरना गटात येण्याची वाट ठेवा. आम्ही आमच्या नोंदी द्यायला, दवाखान्याच्या औषधयादीप्रमाणे लिहायला आणि महिन्यातून एकदा वॉर्ड आरोग्य अधिकाऱ्यांसोबत बसायला तयार आहोत. आपण वेळ दिलीत तर आमच्यापैकी काही डॉक्टर आणि सेविका मंत्रालयात येऊन सविस्तर आराखडा सादर करतील.

आपली नम्र,
भांडुपमधील एक फॅमिली डॉक्टर