आयझेनहॉवर आडनावाची अक्षरे कोणी बदलली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील परदेशी आडनावांवरचा लेख आवडीने वाचला. मात्र 'जर्मन स्थलांतरितांची आडनावे न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावरील कारकुनांनी बदलली' हे त्यातील विधान चुकीचे आहे. एलिस बेटावरचे स्थलांतरितांच्या तपासणीचे केंद्र १८९२ मध्ये सुरू झाले आणि तेथील अधिकारी नवी नावे लिहून घेत नसत. बोट सुटताना तयार झालेल्या प्रवासी यादीवरून ते माणसांची तपासणी करीत.

लेखात उदाहरण दिलेले, अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांचे घराणे तर त्याच्या दीडशे वर्षे आधीच अमेरिकेत पोहोचले होते. मूळ आडनाव आयझेनहाउअर. 'आयझेन' म्हणजे लोखंड आणि 'हाउएन' म्हणजे घाव घालणे, तोडणे. म्हणजे आपल्या लोहारासारखेच हे धंद्यावरून पडलेले आडनाव. या घराण्याचे पूर्वज हान्स निकोलाउस हे आजच्या जर्मनीतील सारलँड राज्यातल्या कार्ल्सब्रुन येथून १७४१ मध्ये पेन्सिल्व्हेनियात गेले. त्या काळी ऱ्हाइनच्या आसपासची माणसे नदीमार्गे रॉटरडॅमला येत आणि तेथून इंग्लंडमधील एखादे बंदर करून फिलाडेल्फियाला उतरत. तेथे १७२७ पासून सोळा वर्षांवरील जर्मन पुरुषांना इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी लागे. ज्याला लिहिता येई तो स्वतः सही करी. ज्याला येत नसे त्याचे नाव कारकून कानावर पडेल तसे लिही आणि तो शेजारी खूण करी. पण तेवढ्याने घराण्याचे आडनाव बदलत नसे, कारण शब्दलेखन तेव्हा कोठेच पक्के नव्हते. खुद्द जर्मनीत नागरी नोंदणी सर्वत्र लागू झाली ती १८७६ मध्ये.

बदल झाला तो इंग्रजी शेजारात राहून, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. जर्मन लेखनातल्या ज्या अक्षरांचा (au) उच्चार 'आउ' होतो, ती अक्षरे इंग्रज वाचक वेगळी वाचतो. उच्चार टिकवायचा तर अक्षरे बदलणे, म्हणजे au च्या जागी ow लिहिणे, भाग होते. 'हूबर'चे 'हूव्हर' झाले तेही बरेचसे याच वाटेने. पुढे १८७८ मध्ये जेकब आयझेनहॉवर आपल्या धर्मपंथीयांबरोबर कॅन्ससला गेले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीविरुद्ध दोस्त सैन्याचे नेतृत्व करणारे आणि डिसेंबर १९५९ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून दिल्लीला आलेले ड्वाइट हे त्यांचे नातू.

कारकुनावर ठपका ठेवण्याची सवय आपल्याकडेही आहे, म्हणून घरचे सांगतो. 'आपले आडनाव शाळेत मास्तरांनी बदलले' असे आमच्या घरात तीन पिढ्या सांगत आले. वडिलांच्या अस्थी घेऊन रामकुंडावर गेलो, तेव्हा तीर्थोपाध्यायांनी लाल कापडात बांधलेली लांबोडकी वही सोडली. पणजोबांच्या नावापुढे मोडीत 'लोहार' असे होते. पुढच्या नोंदीत आजोबांनी गावाच्या नावाला 'कर' लावून सही केली होती. जाड बोरूची, शेवटचे अक्षर थोडे खाली घसरलेली. मास्तरांचा काही संबंधच नव्हता. ती सही आजोबांची स्वतःची होती आणि ती पाहिल्यापासून मी आडनावांच्या बाबतीत ऐकीव गोष्टींवर विसंबणे सोडले आहे.

येत्या रविवारी ही दुरुस्ती छापावी, आणि स्थळ, साल व मूळ उच्चार यांसह छापावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक, पंचवटी, नाशिक