उद्यानाआधी नदीकाठ मोकळा राखा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

चिपळूणला वाशिष्ठीच्या काठी एखादे मोठे सार्वजनिक उद्यान असावे, ही मागणी वाचकांच्या पत्रांतून आणि गावातल्या सभांतून वरचेवर पुढे येते. मागणी रास्त आहे. संध्याकाळी म्हाताऱ्या माणसांना बसायला आणि मुलांना धावायला सावलीची जागा या गावात फारशी उरलेली नाही. परंतु नदीकाठचे उद्यान म्हटल्यावर आपल्या मनात जे चित्र उभे राहते, ते नदीच्या कडेने सिमेंटची भिंत, तिच्या आत भराव आणि भरावावर पेव्हर ब्लॉक असे असते. असे उद्यान होणार असेल तर ते न झालेले बरे, असे मला आता ठामपणे वाटते, आणि त्याचे कारण सांगण्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

गेल्या वर्षी फेब्रुवारी आणि मार्च या दोन महिन्यांत मुलीकडे कार्डिफला राहण्याचा योग आला. कार्डिफ ही वेल्सची राजधानी. शहराच्या अगदी मध्यभागी, किल्ल्याच्या मागच्या बाजूने टॅफ नदीच्या काठाकाठाने सुमारे १३० एकरांचे ब्यूट पार्क पसरलेले आहे. पलीकडच्या तीरावर सोफिया गार्डन्सचे क्रिकेटचे मैदान आहे, जिथले सामने आपण दूरदर्शनवर पाहिलेले असतात. मुलगी कामावर गेली की मी आणि माझी पत्नी रोज त्या बागेत जात असू. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. सूर्यास्तापूर्वी अर्धा तास दरवाजे बंद होतात, आणि त्या थंडीच्या दिवसांत ही वेळ पाचच्या सुमारासच येत असल्यामुळे आम्हाला जेवण लवकर आटोपून निघावे लागे.

ही बाग मुळात जनतेची नव्हती. कोळशाच्या व्यापारातून आणि गोदीतून अफाट श्रीमंत झालेल्या ब्यूट घराण्याच्या किल्ल्याचे ते खाजगी आवार होते. तिसऱ्या मार्क्विसच्या (मार्क्विस म्हणजे या घराण्याच्या प्रमुखाचा सरदारी किताब) काळात, १८७३ पासून, अँड्र्यू पेटिग्रू या मुख्य माळ्याने त्याची आखणी केली. तेराव्या शतकातल्या एका डॉमिनिकन मठाचे अवशेष त्या काळात उकरून काढले गेले, आणि तो मठ कुठून कुठे होता हे कळावे म्हणून जमिनीवर विटांच्या बुटक्या भिंती रचल्या गेल्या. त्या आजही तिथे आहेत. शाळेची मुले त्या भिंतींवर बसून डबे खाताना आम्ही पाहिली. पुढे १९४७ मध्ये पाचव्या मार्क्विसने किल्ला आणि हे आवार शहराच्या स्वाधीन केले. ज्या वर्षी आपला देश स्वतंत्र झाला, त्याच वर्षी कार्डिफच्या सामान्य माणसाला त्या गवतावर हक्काने पाय ठेवता आला.

शहराच्या मध्यभागी इतकी जमीन पाऊणशे वर्षांत कोणी विकली नाही, तिच्यावर व्यापारी संकुल उभे केले नाही, याचे मला पहिल्या आठवड्यात नवल वाटले. त्या शहराने नदीला हात लावलाच नाही असे मात्र नव्हे. १८५० च्या सुमारास रेल्वे स्थानकासाठी जागा करायची म्हणून ब्रुनेल या प्रसिद्ध अभियंत्याने टॅफचा प्रवाहच पश्चिमेकडे वळवला, आणि नदीच्या जुन्या पात्राच्या जागेवर आज भर वस्ती आहे. कोळशाच्या खाणींमुळे हीच नदी अनेक दशके काळी वाहत होती. आता तिच्यात सामन मासा परत आला आहे, आणि बागेच्या उत्तर टोकाला ब्लॅकवेअरच्या बंधाऱ्यावर त्याला वर चढता यावे म्हणून पाण्याची वेगळी वाट करून दिलेली आहे. म्हणजे नदीचे नुकसान तिथेही झाले होते. पण काठाची ही एवढी जमीन मोकळी राहिली.

ती मोकळी असल्याचा उपयोग मी स्वतः पाहिला. मार्चच्या सुरुवातीला दोन दिवस डोंगराकडे जोराचा पाऊस झाला. टॅफ ही आपल्या वाशिष्ठीसारखीच डोंगरातून एकदम खाली येणारी नदी आहे, त्यामुळे पाणी चढायला वेळ लागत नाही. तिसऱ्या दिवशी बागेत गेलो तर नदीलगतची खालची पायवाट अडथळे लावून बंद केलेली होती आणि पाणी गवतावर आले होते. कोणी धावपळ करीत नव्हते. दोन दिवसांनी पाणी उतरले, तेव्हा गवतावर काटक्या आणि सुक्या पानांची एक लांबच लांब रेघ उरली होती. एका बाकाच्या पायावर चिखलाची खूण होती, ती मी वाकून बोटांनी मोजली तर चार बोटे भरली. फेब्रुवारी २०२० मध्ये डेनिस नावाच्या वादळात तर या बागेचा बराच भाग पाण्याखाली गेला होता. नदी खवळली की ती बागेत येते, आणि बाग नंतर धुऊन, झाडून पुन्हा उघडतात.

त्या बाकापाशी मला माझ्या दुकानाची भिंत आठवली. बाजारपेठेत माझे औषधांचे दुकान आहे. २२ जुलै २०२१ रोजी पाणी आले, तेव्हा ते माळ्याच्या फळीला लागले होते. तीस वर्षांचा व्यवसाय, फ्रिजमधली इन्सुलिनची सगळी इंजेक्शने, उधारीच्या वह्या, सारे गेले. नंतर दुकान रंगवताना मी रंगाऱ्याला सांगून भिंतीवरचा हातभर पट्टा तसाच ठेवला आहे. २६ जुलै २००५ चा पूरही आम्ही पाहिलेला आहे, आणि दर वर्षी जुलै उजाडला की खालच्या फळ्यांवरचा माल वर चढवतो. तिकडे चार बोटांची खूण बाकावर उमटते, इकडे सात फुटांची भिंतीवर. दोन्हीकडचा पाऊस सारखा नाही, हे मला मान्य आहे. चिपळूणला पावसाच्या जोडीला कोयनेचे अवजल, म्हणजे वीज तयार केल्यावर नदीत सोडलेले पाणी, आहे, आणि खाडीला भरती असली की पूर उतरत नाही. तरीही पाण्याला पसरायला जागाच नसेल तर ते बाजारपेठेत शिरणार, हे समजायला अभियंता असण्याची गरज नाही.

ती जागा आपण आपल्या हातांनी घालवत आहोत. पुरानंतर लोकांनी साखळी उपोषण केले, तेव्हा कुठे नदीतला गाळ काढण्याचे काम सुरू झाले. त्यात चांगले काम झाले, हे नमूद केले पाहिजे. पण नदीतून निघालेल्या गाळाचे डंपर काठालगतच्या सखल जमिनीत रिकामे होताना मी स्वतः उभा राहून पाहिले आहेत. पात्रातून काढलेली माती नदीच्या पसरण्याच्या जागेत टाकली तर नदीला मिळाले काय? याविषयी एका कार्यालयात अर्ज दिला. त्याची पोच मिळाली, उत्तर अद्याप मिळालेले नाही.

पुराचे पाणी कुठवर येऊ शकते हे दाखवणाऱ्या शासनाच्या निळ्या आणि लाल पूररेषेवरून, आणि तिच्या आतल्या बांधकामांवरच्या बंधनांवरून, गावात मोठी नाराजी आहे आणि ती मला समजते, कारण माझे दुकान आणि घर दोन्ही त्या रेषांच्या आत येतात. राहत्या घराची दुरुस्ती अडणे ही साधी गोष्ट नाही. त्यामुळे उभ्या वस्तीबद्दल मी काही म्हणत नाही. पण निळ्या रेषेच्या आतली जी जमीन आज मोकळी आहे, तिचा वापर मैदान, बाग, हंगामी पीक अशा खुल्या कामांसाठीच करावा, असे शासनाचे धोरणही सांगते. मग ज्या पट्ट्यात बांधकाम नको, त्याच पट्ट्यात बाग हवी, इतके हे सरळ आहे. पेठमापपासून गोवळकोटच्या धक्क्यापर्यंत होडीने गेले तर अशी मोकळी ठिकाणे अजून डोळ्यांना दिसतात. पाच वर्षांनी ती दिसतील याची मात्र मला खात्री वाटत नाही.

आपल्याकडे आवार दान देणारा मार्क्विस नाही. आपल्याकडे विकास आराखड्यातले आरक्षण आहे, आणि त्याला मुदत आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ प्रमाणे, आरक्षित जमीन १० वर्षांत संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरच्या मुदतीतही संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण संपुष्टात येते. यात मालकाचा दोष नाही. त्याने आपली जमीन किती वर्षे अडकवून ठेवायची? उद्यानाची आरक्षणे अशी एकेक करून सुटतात, आणि गावाला पत्ता लागतो तो त्या जागी कॉलम उभे राहिल्यावर.

म्हणून कारंजे, खेळणी आणि रोषणाई यांवर खर्च करण्यापूर्वी नगर परिषदेने तो पैसा जमिनीच्या मोबदल्यासाठी बाजूला काढावा. मैदानाला भराव नको, भिंत नको. पाण्यात काही दिवस उभी राहू शकतील अशी करंज, उंडी, जांभूळ, वाळुंज ही आपल्या नदीकाठची झाडे लावावीत. लाकडी किंवा दगडी बाके असावीत, म्हणजे पाणी उतरल्यावर ती धुता येतील. पावसाळ्याचे चार महिने खालचा भाग बंद ठेवावा आणि तसा फलक लावावा. वाशिष्ठीत मगरी आहेत, तेव्हा पाण्याच्या कडेला कुंपण लागेल, तेवढा खर्च अटळ आहे.

लोक अशी बाग सांभाळतील का, अशी शंका काही स्नेही घेतात. ज्या सप्टेंबरात आम्ही घरांतला चिखल उपसून नुकते कुठे सावरत होतो, त्याच २०२१ च्या सप्टेंबरात ब्यूट पार्कमध्ये काही समाजकंटकांनी एका रात्रीत ५० च्या आसपास झाडे कापून टाकली होती. शहरातल्या लोकांनी वर्गणी काढून बागेला मदत केली आणि पुन्हा लागवड झाली. आपणही पुराच्या त्या दिवसांत ओळखदेख नसलेल्यांच्या घरांतला गाळ उपसलेला आहे. आपल्या बागेसाठी आपण कमी पडू, असे मला वाटत नाही.

आपल्या वृत्तपत्राला माझी विनंती आहे, की वाशिष्ठी आणि शिव नदीच्या काठची उद्यान व मैदान यांसाठी आरक्षित असलेली जमीन सर्व्हे क्रमांकांसह, कोणत्या आरक्षणाची मुदत कधी संपते या तपशिलासह, नगर परिषदेकडून मिळवून छापावी. ती यादी हातात आली तर ती घेऊन प्रत्येक जागेवर जाऊन येण्याची माझी तयारी आहे. दुकान रविवारी बंद असते.

आपला,
एक औषधविक्रेता, चिपळूण