लीडची किंमत करायला शिकवणाऱ्या ताईंना

ताई,

हे पत्र तुम्हाला एकटीला पाठवता आलं असतं. पण पुण्यात घरं-जागांच्या धंद्यात सतत नवी मुलं-मुली उतरतायत, त्यांच्याही कानावर हे जावं म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाने, एजंटांना परीक्षा सक्तीची केली, तिच्या अभ्यासातून मला कायदा कळला. समोर आलेली लीड, म्हणजे विकायला असलेला फ्लॅट, गुंतवणूकदाराला दाखवण्याजोगी आहे का, हे मात्र तुम्ही शिकवलंत. एका साइटवर झालेली तोंडओळख, तेवढ्यावर तुम्ही मला ऑफिसात बोलावून शेजारी बसवलंत.

धायरीतल्या त्या जुन्या वन बीएचकेचा हिशेब माझ्या वहीत आहे. मालक 40 लाख म्हणत होता, भाडं 13 हजार, म्हणजे जवळजवळ चार टक्के सुटतात असं त्याचं म्हणणं. तुम्ही आधी नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्याच सोसायटीतले दस्त काढलेत आणि सूची दोनमधल्या, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्यातल्या, ‘मोबदला’ या रकान्यावर बोट ठेवलंत. रेडी रेकनर हा मुद्रांक शुल्कासाठी सरकारने धरलेला दर, जाहिरातीतला आकडा ही मालकाची अपेक्षा. व्यवहार कितीला झाला ते इथे बघ, आणि एका दस्तावर विसंबू नकोस, असं बजावलंत.

मग भाडं 11 महिन्यांचंच धरलंत, कारण भाडेकरू बदलताना घर रिकामं राहतं. मेंटेनन्सचे 24 हजार, मिळकतकराचे 6 हजार गेले. उरले 1 लाख 13 हजार. खरेदीत 7 टक्के मुद्रांक शुल्क आणि 30 हजार नोंदणी फी मिळवल्यावर रक्कम झाली 43 लाख 10 हजार. परतावा अडीच टक्क्यांच्या किंचित वर! शिवाय सोसायटीचं कन्व्हेयन्स झालेलं नव्हतं. जमीन अजून सोसायटीच्या नावावर नाही म्हटल्यावर रीडेव्हलपमेंटच्या गप्पांना किती अर्थ, हे मला तेव्हा पहिल्यांदा उमगलं.

तरी तुम्ही मी आणलेली ती लीड टाकून दिली नाहीत. दरमहा भाड्यावर डोळा असलेल्या पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, ती नको म्हणालात, आणि ओळखीच्या एजंटकडच्या, दहा वर्षं थांबायची तयारी असलेल्या पार्टीकडे पाठवलीत. आधी मालकाला विचारून त्याचा नंबर दिलात. मेसेजमध्ये हिशेब तर होताच, पण कन्व्हेयन्स बाकी असल्याचं पहिल्याच ओळीत होतं. दलालीत कोणाचा किती वाटा हेही त्याच मेसेजमध्ये, साइट दाखवण्याआधी. खरेदीखत झालं त्या संध्याकाळी माझा वाटा मी न मागता माझ्या खात्यात आला. नवख्याच्या हातून लीड घ्यायची आणि मग फोन उचलायचा नाही, असंही या धंद्यात चालतं. म्हणून मला त्याचं इतकं अप्रूप.

आता मीही एकच फ्लॅट दहा ग्रुपवर टाकत नाही. कागद बघते, दस्त काढते, आणि ज्याच्या गरजेत बसेल त्यालाच पाठवते. त्यामुळे मोजकीच पण जाणती माणसं माझा मेसेज उघडून वाचतात. हे तुमच्यामुळे, ताई. मनापासून आभार.

धायरी-नऱ्हे भागासाठी तुमच्याकडे कोणी पार्टी आली तर हक्काने सांगा. सूची दोन आणि हिशेब, दोन्ही तयार करून पाठवेन.

तुमचीच,
धायरीची एजंट