आईंचे प्रश्न आईंनाच विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी, वयाच्या ६८ व्या वर्षी, मी एकटी पोर्तुगालला जाऊन आले. सोळा दिवस होते. परतल्यावर जो भेटला त्यानं विचारलं, "भीती नाही वाटली?" जाण्याआधीचे पाच महिने कसे गेले हे मात्र कुणी विचारलं नाही. मला लिहायचं आहे ते त्याबद्दल.

आधी एका प्रवास कंपनीत गेले होते. मुलगा सोबत होता. समोरच्या तरुणानं खुर्ची मला दिली आणि प्रश्न मात्र त्याला विचारले. "आईंना शुगर आहे का? आईंना चालवतं ना? पायऱ्या जमतील?" मुलगा म्हणाला, "जमतील." तो खोटं बोलला नाही, त्याला ठाऊकच नव्हतं. पायऱ्या चढताना मला काही होत नाही. उतरताना डावा गुडघा धरतो, आणि उजव्या हाताला कठडा नसेल तर मी पुढचं पाऊल टाकत नाही. रात्री मला दोनदा उठावं लागतं, हेही त्याला माहीत नाही आणि असण्याचं कारणही नाही. पण परदेशात खोली निवडताना, विमानातली जागा घेताना सगळं या दोन गोष्टींवर ठरतं. सहलीच्या माहितीपत्रकावर 'ज्येष्ठांसाठी खास' असं छापलेलं होतं. नऊ दिवसांत सहा शहरं आणि रोज सकाळी साडेसातला बस. मधला एखादा दिवस मोकळा मिळेल का, असं मी विचारलं. उत्तर मुलाला मिळालं.

घरी येऊन मी वही घेतली आणि स्वतः आखायला बसले.

सहा शहरांऐवजी दोनच घेतली, त्यात लिस्बनला दहा दिवस. लिस्बन टेकड्यांवर वसलेलं आहे. तिथले पदपथ चुनखडीच्या लहान लहान दगडांचे आहेत, वर्षानुवर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेले, आणि पाऊस पडला की निसरडे होतात. म्हणून अल्फामाच्या चढउतारात न राहता बाइशा या सपाट भागात राहायचं ठरवलं. जुन्या इमारतींमध्ये अनेक ठिकाणी लिफ्ट नसते, आणि तिथला 'पहिला मजला' तळमजल्याच्या वरचा असतो. मी तीन घरमालकांना एकच प्रश्न लिहून पाठवला : पायऱ्या किती, आणि कठडा कोणत्या बाजूला? दोघांचं उत्तर आलं नाही. तिसऱ्या बाईंनी जिन्याचा फोटो पाठवला. तेवीस पायऱ्या, कठडा दोन्ही बाजूंना. तीच खोली घेतली. नवे बूट दोन महिने आधी आणून रोज घालून फिरत होते.

व्हिसाचे नियम स्वतः वाचले. शेंगेन देशांसाठी (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश, पोर्तुगाल त्यांतलाच) अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो. पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. हे सगळं माझ्याकडे होतं. अडलं ते व्हिसासाठीच्या बोटांच्या ठशांपाशी. काचेवर चार बोटं ठेवली, पडद्यावर लाल खूण आली. पुन्हा ठेवली, पुन्हा लाल. वयानं आणि आयुष्यभराच्या भांड्याधुण्यानं बोटांवरच्या रेषा झिजतात, त्वचा कोरडी पडते आणि यंत्राला ठसा सापडत नाही. काउंटरवरच्या मुलीनं माझा हात हातात घेतला, ओल्या कागदानं एकेक बोट पुसलं आणि वरून हलकेच दाबून धरलं. पाचव्या वेळेला जमलं. माझ्या वयाच्या बायकांना सांगते, ठसे द्यायच्या आधी आठवडाभर रात्री हाताला क्रीम लावा. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

विमा हा माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा भाग. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं, पण तो आकडा दारातून आत जाण्यापुरता. आपल्या वयाला खरंच किती मिळणार, हे आतल्या पानांवर असतं, कारण अनेक पॉलिसींमध्ये ठरावीक वयानंतर आजारांवरच्या खर्चाला वेगळी, कमी मर्यादा असते. फॉर्मवर 'आधीपासूनचे आजार' असा रकाना होता. एजंट म्हणाला, "नाही लिहा, हप्ता कमी बसेल." मला अकरा वर्षं रक्तदाब आहे. परक्या देशात रुग्णालयात पडले आणि जुन्या कागदांवरून ते उघड झालं, तर दावा नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळेल, आणि तेव्हा तो एजंट माझ्या खाटेपाशी नसेल. मी 'होय' लिहिलं, जास्त हप्ता भरला आणि आजार त्यात धरला आहे हे लेखी मागून घेतलं. असा सल्ला वयस्क माणसांना रोज दिला जात असेल, याचा मला मनापासून राग येतो.

विमानाबद्दल एक गोष्ट बायकांशीच बोलायची आहे. शौचालयाला जावं लागू नये म्हणून आपण प्रवासात पाणी पीत नाही. शाळेपासूनची सवय आहे ही. विमानातली हवा फार कोरडी असते, आणि चार तासांहून अधिक वेळ बसून राहिलं तर पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अभ्यासात दिसलं. मूळ धोका लहान आहे, पण वय आणि संप्रेरकांच्या गोळ्या यांनी तो वाढतो. मी मधल्या वाटेलगतची जागा मागून घेतली, पाणी प्यायले, आणि जितक्या वेळा उठावंसं वाटलं तितक्या वेळा उठले.

विमानतळावर व्हीलचेअर मागायला संकोच करू नका. विमान कंपनीला ४८ तास आधी कळवायचं आणि नेमकं काय जमत नाही ते सांगायचं. लांब चालता येत नाही पण पायऱ्या येतात, पायऱ्याही येत नाहीत, की जागेपर्यंत न्यावं लागतं, असे तीन वेगळे प्रकार नोंदवले जातात. आईंना काय हवं हे दुसऱ्यानं अंदाजानं सांगितलं, तर तिसऱ्या प्रकारची मदत हवी असलेल्या बाईसाठी पहिल्या प्रकाराची नोंद होते.

प्रवास कंपन्यांना माझी विनंती आहे. माहितीपत्रकात रोज किती चालायचं, किती पायऱ्या आहेत, शौचालय किती तासांनी मिळेल हे छापा. आणि समोर जी बसली आहे तिच्याकडे बघून प्रश्न विचारा. आपल्या पुरवणीतही प्रेक्षणीय स्थळांसोबत ही माहिती यावी.

पुढच्या वर्षी जपानला जायचं ठरवलं आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं तिथे वेगळ्या परवानगीशिवाय एका महिन्यापुरतीच नेता येतात, आणि १० टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन (नाक मोकळं करणारं द्रव्य) असलेली सर्दीची औषधं मुळीच चालत नाहीत. माझ्या डब्यातली सर्दीची गोळी बाजूला काढली आहे. डॉक्टरांकडून औषधांची मूळ नावं लिहून घेतली आहेत. क्योतोच्या दोन घरमालकांना काल पत्र गेलं : पायऱ्या किती, कठडा कोणत्या बाजूला?

आपली,
एक वाचक, वय ६९