मुक्ताची ‘अ’ तुकडी

प्लेनो, टेक्सास
१० नोव्हेंबर

तीर्थरूप बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

रविवारी फोनवर बाबांनी विचारले, की मुक्ताला विद्यापीठाने ऑनर्समध्ये घेतले आहे, तर ती सगळेच विषय ऑनर्सचे का घेत नाही. आणि मागून आईचा आवाज आला, की आधी पोर झोपते किती ते विचारा. मुक्ता सुट्टीला घरी आलेली, समोरच बसली होती, आणि तिच्याविषयी तिच्यादेखत बोललेले तिला खपत नाही. म्हणून दोन्ही प्रश्नांची उत्तरे पत्रातून देतो.

बाबा, ‘ऑनर्स’ म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे एकाच विषयाची बी. ए. ऑनर्स येते. इथे तो शब्द वेगळ्या वाटेने रुजला. ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकून आलेले फ्रँक आयडेलॉट यांनी पेनसिल्व्हेनियातील स्वार्थमोर कॉलेजात १९२२ साली ऑनर्सचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यात मोजक्या विद्यार्थ्यांची चर्चासत्रे होत आणि शेवटी परीक्षा घ्यायला बाहेरचे परीक्षक येत. आज मोठ्या सरकारी विद्यापीठांत ऑनर्सची मुले निवडक सामाईक विषयही अशाच छोट्या वर्गात शिकतात. सामाईक विषय म्हणजे काय, तर टेक्सासातल्या सरकारी विद्यापीठात मूल संगणक शिको की संगीत, त्याला ४२ क्रेडिटचे (क्रेडिट म्हणजे विषयाचा भार मोजायचे माप) सर्वसाधारण विषय घ्यावेच लागतात. पदवी साधारण १२० क्रेडिटची असते, म्हणजे हा वाटा एक तृतीयांशाहून थोडा जास्तच झाला. अमेरिकेच्या इतिहासाची ६ आणि शासनव्यवस्थेची ६ क्रेडिट तर राज्याच्या कायद्यानेच सक्तीची आहेत. इंजिनिअरिंगची पोर इतिहास का वाचते, या तुमच्या जुन्या प्रश्नाचे उत्तरही यातच आले.

एकाच विषयाचे अनेक ‘सेक्शन’ असतात आणि त्यांतला एखाददुसराच ऑनर्सचा असतो. सेक्शनला आपण तुकडी म्हणतो, आणि घोटाळा तिथेच होतो. आपल्याकडे मार्कांप्रमाणे मुले वाटली जात. हुशार ती ‘अ’मध्ये, उरलेली पुढच्या अक्षरांत. मी आठवीत ‘ब’ तुकडीत गेलो तेव्हा तुम्ही त्याच शाळेत शिकवत होतात आणि आठवडाभर घरात कोणी त्याविषयी चकार शब्द काढला नाही. (ती शांतता मला अजून आठवते, राग नाही.) ऑनर्सचा सेक्शन हा तसा मान नाही. तिथे धडे तेच असले तरी काम निराळे असते, आणि ते काम आपल्याला करायचे आहे का, हे विषय पाहूनच ठरवावे लागते.

इतिहासाचेच पाहा. साध्या सेक्शनमध्ये उतरत्या बाकांच्या सभागृहात अडीचशे मुले, पडद्यावर मुद्दे आणि परीक्षेला पर्यायी उत्तरांचे प्रश्न. मुक्ताच्या ऑनर्स सेक्शनमध्ये बावीस मुले टेबलाभोवती बसतात. मागच्या महिन्यात त्यांना जॉर्डन अँडरसन नावाच्या माणसाचे पत्र वाचायला दिले होते. हा टेनेसीतला गुलाम, मुक्त होऊन ओहायोत स्थिरावलेला. यादवी युद्ध संपल्यावर जुन्या मालकाने त्याला परत कामावर बोलावले, तेव्हा ऑगस्ट १८६५ मध्ये त्याने सांगून लिहवून घेतलेले हे उत्तर वर्तमानपत्रांत छापून आले. अतिशय अदबीने तो म्हणतो, की तुमची नियत पारखण्यासाठी आधी आमची मागची मजुरी पाठवा: मी ३२ वर्षे राबलो, महिना २५ डॉलर, माझी बायको २० वर्षे, आठवड्याला २ डॉलर, एकूण ११,६८०. प्राध्यापकांनी फळ्यावर काही लिहिले नाही, मुलांनाच आकडेमोड करायला लावली. ९,६०० आणि २,०८०, बेरीज बरोबर येते. मग दोन तास वाद चालला, की हे पत्र भोळेपणाने लिहिले आहे की त्यात थट्टा आहे, आणि थट्टा असेल तर ती कोणत्या वाक्यापासून सुरू होते. मुक्ताने त्यावर आठ पानांचा निबंध तीनदा लिहिला. रात्री साडेअकराला तिचा फोन आला तो तक्रार करायला नव्हे, तर त्या पत्रातली अदब मला वाचून दाखवायला.

याउलट साहित्याच्या ऑनर्स सेक्शनमध्ये आठवड्याला दोनशे पाने वाचायची होती, आणि त्याच दिवसांत तिच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगवह्या सुरू झाल्या. तिसऱ्या आठवड्यात तिने तो सोडला. इथे सत्र सुरू झाल्यापासून शिकवणीच्या बाराव्या दिवसापर्यंत (सुट्ट्या न मोजता) विषय सोडला तर निकालपत्रावर त्याची खूणही राहत नाही; त्यानंतर सोडला तर तो सहांत मोजला जातो, आणि संपूर्ण पदवीत सहाच विषय असे सोडता येतात, हाही कायदाच आहे. ती अकराव्या दिवशी बाहेर पडली. मला आधी वाईट वाटले, मग लक्षात आले, की हे वाईट वाटणे माझ्या ‘ब’ तुकडीचे आहे, तिचे नाही.

गुणांचाही हिशेब आहे. शाळेत ऑनर्स किंवा ए. पी.च्या, म्हणजे शाळेतच शिकवल्या जाणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या, विषयाला वाढीव वजन मिळत असे. विद्यापीठात ते मिळत नाही. कोणत्याही सेक्शनमधला ‘ए’ हा चारच गुणांचा. तिची शिष्यवृत्ती चारपैकी ३.५ च्या सरासरीवर टिकून आहे. तेव्हा केवळ नावासाठी प्रत्येक विषयात ऑनर्स घेणे म्हणजे हातची शिष्यवृत्ती पणाला लावणे होईल. ऑनर्सचे अभ्यासक्रम किती पूर्ण करायचे याची किमान संख्या ठरलेली आहे आणि ती गाठायला तिला चार वर्षे आहेत.

म्हणून जानेवारीच्या सत्रासाठी तिने असे ठरवले आहे: शासनव्यवस्था ऑनर्समध्ये, कारण तिथे बोलायला आणि लिहायला मिळेल. संगीताची ओळख करून देणारा विषय साध्या सेक्शनमध्ये, कारण ध्वनिमुद्रण वीस जणांत ऐकले काय आणि दोनशे जणांत ऐकले काय, कान तेच. भौतिकशास्त्रही साधेच. मी एकदाच विचारले, की भौतिकशास्त्राचे ऑनर्स का नको. ती म्हणाली, “बाबा, मला ते यायला हवंय, त्यावर वाद घालायचा नाहीये.” मी गप्प बसलो.

आई, झोप सहा तास होते, सत्र संपत आले की पाच. तू पाठवलेल्या मेतकुटाचा डबा तिने वसतिगृहात नेला आहे आणि रात्री मऊ भाताबरोबर खाते, एवढे मी पाहिले आहे.

नावनोंदणी गुरुवारी सकाळी सात वाजता उघडते. ऑनर्सच्या मुलांना इतरांच्या आधी वेळ मिळते, त्यामुळे जागा मिळेल असे वाटते. बाबा, शासनव्यवस्थेच्या निबंधासाठी तिला तुमच्याशी बोलायचे आहे. टेक्सासची स्वतःची राज्यघटना १८७६ पासूनची आहे आणि तिच्यात पाचशेहून अधिक दुरुस्त्या झाल्या आहेत. महाराष्ट्राला अशी वेगळी घटना का नाही, हे तिने मला विचारले आणि मला दोन वाक्यांच्या पुढे जाता आले नाही. तुमची नागरिकशास्त्राची जुनी टिपणवही माळ्यावर असेल तर काढून ठेवा. शनिवारी तुमच्या रात्री आठ वाजता ती फोन करील. तिच्याशी मराठीत बोला. निबंध इंग्रजीत कसा करायचा ते ती पाहील.

आपला,
अविनाश