एका पदासाठी अकरा नावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी 24 जून 2025 रोजी डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी, म्हणजे उमेदवार निवडण्यासाठी पक्षांतर्गत मतदान, झाली. आपल्याकडे लिहिले गेले ते बहुतेक झोहरान ममदानी यांच्या विजयाबद्दल. मीरा नायर यांचे चिरंजीव म्हटल्यावर ते साहजिकच. पण मतपत्रिकेवर 11 नावे होती आणि ती वाचण्यासारखी होती. माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो, शहराच्या हिशेबावर देखरेख ठेवणारे निर्वाचित कंट्रोलर ब्रॅड लँडर, आधी तेच पद सांभाळलेले स्कॉट स्ट्रिंगर, शहर परिषदेच्या सभापती एड्रियन ॲडम्स, राज्य सिनेटमधले झेलनर मायरी आणि जेसिका रामोस. एका तिकिटासाठी एवढे इच्छुक दिसले की आपण गटबाजी म्हणतो. मला ती पक्षाची श्रीमंती वाटते.

ही श्रीमंती वाया गेली नाही, याचे श्रेय मतदानाच्या पद्धतीला. मतदार पाच जणांपर्यंत पसंतीक्रम देतो. पहिल्या पसंतीत कोणालाच निम्म्याहून अधिक मते नसतील, तर तळाचे उमेदवार बाद होतात आणि त्यांच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे जातात. आपल्या राष्ट्रपतींची निवड अशीच होते. 1969 मध्ये व्ही. व्ही. गिरी यांना पहिल्या पसंतीची 4,01,515 मते होती, विजयाला हवी होती 4,18,169. चिंतामणराव देशमुख बाद झाल्यावर त्यांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती बहुतेक संजीव रेड्डींकडे वळली, तरी गिरी 4,20,077 वर पोचले. न्यूयॉर्कमध्ये ममदानी 44 टक्क्यांच्या आसपास होते, कुओमो 36, लँडर 11. अखेरीस 56 विरुद्ध 44. लँडर आणि ममदानी यांनी मतदानाच्या दहाबारा दिवस आधीच एकमेकांना दुसरी पसंती द्या, असे आपापल्या मतदारांना सांगितले होते. दुसऱ्या पसंतीची गरज असली की प्रतिस्पर्ध्याच्या माणसांशीही नीट बोलावे लागते.

चुकाही होतात. एकच नाव पाचही रकान्यांत भरले तर ते एकदाच मोजले जाते. एकाच क्रमांकावर दोन नावे दिली तर त्या क्रमांकापासून पुढची मतपत्रिका निकामी. सर्वांत मोठा तोटा मधेच ‘संपणाऱ्या’ मतपत्रिकांचा: दिलेले सगळे उमेदवार बाद झाले की ते मत शेवटच्या फेरीत मोजलेच जात नाही. 2021 च्या प्रायमरीत अशा सुमारे 1 लाख 40 हजार होत्या आणि एरिक ॲडम्स जिंकले फक्त 7,197 मतांनी. त्याच वर्षी चाचणीच्या सुमारे 1 लाख 35 हजार मतपत्रिका चुकून खऱ्या मोजणीत मिसळल्याने जाहीर केलेले आकडे मागे घ्यावे लागले. शिवाय मतदान फक्त पक्षाचे नोंदणीकृत मतदारच करू शकतात आणि जूनसाठी पक्ष बदलायचा तर मुदत 14 फेब्रुवारी. ही अट मला फार कडक वाटते.

वडोदऱ्याला हा विषय परका नाही. 2014 च्या लोकसभेसाठी काँग्रेसने देशात मोजक्या मतदारसंघांत प्रायमरी घेतली, त्यांत आपला होता. पक्षाचे पदाधिकारी आणि कार्यकर्ते यांच्या मतांतून नरेंद्र रावत निवडले गेले. पुढे नरेंद्र मोदींचे नाव इथून जाहीर झाले, रावत बाजूला झाले आणि उमेदवारी मधुसूदन मिस्त्री यांना मिळाली. मोदी 5,70,128 मतांनी जिंकले. रावत लढले असते तर निकाल फिरला असता, असे मी म्हणत नाही. पण कार्यकर्त्यांनी दिलेले मत महिनाभरही टिकले नाही, याचे वाईट वाटते.

महापालिकेच्या 19 वॉर्डांत 76 जागा आहेत. तिकिटांआधी पक्षाचे निरीक्षक ‘सेन्स’, म्हणजे कल, घ्यायला येतात, प्रत्येक इच्छुकाचे म्हणणे ऐकतात, वहीत टिपतात आणि वही घेऊन जातात. त्याच बैठकीत कार्यकर्त्यांना पाच क्रमांकांची एक चिठ्ठी द्यावी, मोजणी सर्वांसमोर करावी आणि प्रत्येक फेरीचे आकडे तिथल्या तिथे फळ्यावर लिहावेत. चारपाचशे चिठ्ठ्यांना दोन तास पुरतात.

आपला,
एक वाचक, रावपुरा, वडोदरा